तुर्तु

जांबोटीच्या अलीकडे, वळणावर, पावणेदहाला
बॅटरीचा उजेड आडवा आला.
मागं सहाशे कौलं, खानापूरच्या भट्टीतली,
पेंढ्यात बसवलेली,
लक्ष्मी गुरवीणबाईंच्या छपरासाठी.

हवालदारानं काचेवर बोटाचं हाड वाजवलं.
गाडी बेकु. तुर्तु.
चावी कोड्री.

मला कन्नड बाजारापुरतं येतं,
भाव, वजन, उधारी, शिवी.
तुर्तु मी माझ्या कानानं ऐकलं: तूर्त.
म्हणजे आत्तापुरतं. म्हणजे परत देतो.
असं म्हणून कुणी हात पुढं केला
तर माणूस चावी मागं कशी घेईल?

चोर्ल्याच्या घाटात मजुरांचा टेम्पो कलंडलेला.
रुग्णवाहिका बेळगावातनं निघाली होती म्हणे,
म्हणजे अजून निघायलीच होती.

कौलं उतरवायला तीन पोलीस, मी,
आणि गोव्याहून काजू घेऊन येणारा एक पोरगा
ज्याला कुणी थांबवलंच नव्हतं.
साहेब ओरडले, टाका की खाली!
मडिवाळर हवालदार मात्र
दोन-दोन कौलं छातीशी धरून
ओल्या गवतात निजवल्यासारखी ठेवत राहिला.

मला चालव म्हणाले नाहीत.
क्लच जरा वर लागतो
एवढं सांगायचं राहिलं.

गाडी गेली.
फळीवर ‘कणकुंबीच्या माउलीची कृपा’,
खाली डावा दिवा तेवढा लागतो.
चार वर्षांत माझी गाडी चालताना
मागनं मी पहिल्यांदाच पाहिली.

रात्रभर मी कौलांची राखण केली.
कौलं कोण चोरणार?
पण त्या रात्री माझं म्हणावं असं
तेवढंच होतं.

सकाळी ठाण्याच्या आवारात गाडी,
पेंढा काळा पडलेला,
डिझेलचा काटा तळाला,
आणि सीटखाली लहान पोराची एक चप्पल, डाव्या पायाची.
किती जण होते, विचारलं.
लिहून घेणाऱ्यानं मान वर केली नाही.
किती जगले, हे मग विचारलंच नाही.

पावती कन्नडमधनं.
अंकितानं वाचून दाखवली, तिची शाळा कन्नड,
माझ्या घरात तीच आमचं कचेरीचं दार.
तुर्तु, बाबा, तूर्त नव्हे.
तुर्तु म्हणजे तातडी. जीव वर-खाली होतो ना, ते.
आणि परत देण्याचं?
तिनं कागद उलटा करून बघितला.

बिर्जे वकिलांना विचारलं,
पोलिसाला नाही म्हणता आलं असतं का?
ते चष्मा पुसत म्हणाले,
कलम असेल कुठंतरी, पुस्तक बघावं लागेल.
कल्लाप्पा, तू रागानं विचारतोयस
की माहितीसाठी?
मला सांगता येईना.
पाच हप्ते राहिलेत, एवढं सांगितलं.

भरपाईचा अर्ज तीन प्रतींत. तो घरात आहे, दिनदर्शिकेच्या मागं.

खरं सांगू का,
चावी काढताना माझ्या डोक्यात घाट नव्हता,
दरी नव्हती, कुणाचं पोर नव्हतं.
भीती होती. खाकी दिसली की हात आपोआप जातो.
आणि दुसऱ्या दिवशी जो तो म्हणाला,
कल्लाप्पानं गाडी दिली.
‘घेतली’ म्हणावं की ‘दिली’,
ते मी त्या चपलेवर सोडलंय.
ती अजून टूलबॉक्समध्ये आहे.
पाना काढताना हाताला लागते.

गुरवीणबाईंकडं पाचशे एकोणनव्वद कौलं पोचली.
अकरा फुटलेली.
त्यांनी मोजली नाहीत, मीच मोजून सांगितली.
छपराच्या पश्चिम कोपऱ्यात त्यांनी
खताच्या पोत्याचा तुकडा ताणून बांधलाय.
राहू दे तूर्त, म्हणाल्या.

वारा आला की तो कोपरा वाजतो.